घरी शिकणाऱ्या मुलांसाठी गणिताचा अभ्यासक्रम कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवात कुठून करायची? चांगल्या पुस्तकांची यादी मिळेल का?

यादी सहज मिळते, पण तिचा उपयोग नंतर आहे. आधी दोन गोष्टी नक्की करा: मूल आज नेमकं कुठे आहे, आणि शिकवणारी व्यक्ती रोज किती वेळ खरोखर देऊ शकते. बहुतेक घरांत गाडी अडते ती पुस्तक वाईट असल्यामुळे नव्हे. पुस्तक एक पायरी वरचं असतं, किंवा त्याला रोज तासभर शेजारी बसणारं मोठं माणूस लागतं आणि ते माणूस अर्धा तासच मोकळं असतं. शेजारच्या मुलाला मानवलेला अभ्यासक्रम आपल्या मुलाला मानवेलच असं नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा या दोन गोष्टींतच सापडतं.

वयाप्रमाणे इयत्तेचं पुस्तक घेतलं तर काय बिघडतं?

एका अभ्यासक्रमाची तिसरी पातळी म्हणजे दुसऱ्याची तिसरी नव्हे. कुणी गुणाकाराची ओळख दुसऱ्या पातळीत करून देतं, कुणी तिसरीत. कुणी अपूर्णांकांची बेरीज चौथीत घेतं, कुणी पाचवीत. शिवाय घरी शिकणारं मूल भूमितीत एक वर्ष पुढे आणि वजाबाकीत एक वर्ष मागे असू शकतं, आणि त्यात काळजीचं काहीच नाही. मुखपृष्ठावरचा आकडा मुलाला खुपत असेल तर त्यावर कागद चिकटवा. हा उपाय साधा आहे, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा मान त्यामुळे राखला जातो.

मग पातळी घरच्या घरी कशी तपासायची?

बरेच प्रकाशक आपल्या अभ्यासक्रमासाठी पातळी-चाचणी मोफत देतात. ती मिळाली तर तीच वापरा, कारण ती त्या पुस्तकांच्या क्रमानुसार बांधलेली असते. नाही मिळाली तर तुम्हाला योग्य वाटणाऱ्या पातळीच्या एक पायरी खालचं पुस्तक घ्या आणि त्याच्या शेवटच्या उजळणीतली २० गणितं निवडा. त्यात संख्यालेखन आणि स्थानिक किंमत, चारही क्रिया, मापन आणि निदान ४ शाब्दिक उदाहरणं असावीत.

दोन दिवसांत, दहा-दहा करून सोडवायला द्या. मदत करू नका, घाई करू नका, चेहऱ्यावरूनही उत्तर कळू देऊ नका. प्रत्येक गणितापुढे तीनपैकी एक खूण करा: बरोबर, चूक, किंवा बरोबर पण फार वेळ लागला. तिसरी खूण सगळ्यांत महत्त्वाची. ८ + ६ साठी मूल अजून एकेक बोट मोजत असेल तर उत्तर बरोबर असूनही पुढच्या वर्षीचे तीन अंकी हिशेब त्याला दमवणार.

तिसऱ्या दिवशी चुकलेली सगळी आणि बरोबर आलेली तीन गणितं मुलाकडून तोंडी समजावून घ्या. ‘हे कसं केलंस, मला सांग’ एवढंच म्हणा. काही चुका फार बोलक्या असतात:

- ४२ − १७ = ३५. मुलाने प्रत्येक स्तंभात मोठ्यातून लहान वजा केलं, म्हणजे ७ मधून २. हातचा विसरला असं इथे झालेलं नाही. ४२ ही एक अखंड संख्या आहे हेच त्याच्या मनात नाही.
- ‘तीनशे दोन’ हे ३००२ असं लिहिलं. ऐकू आलं तसं उतरवलं, स्थानिक किंमत कच्ची आहे.
- ८ + ४ = □ + ५ या चौकटीत १२ लिहिलं. ‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ असा झालेला आहे. हे दुरुस्त न होता पुढे गेलं तर समीकरणांत फार त्रास देतं.
- १/२ + १/३ = २/५. अंश आणि छेद या दोन सुट्या संख्या वाटतात.
- ०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे.

२० पैकी १७ किंवा अधिक बरोबर, आणि वेगही ठीक, तर पुढची पातळी घ्या. १३ ते १६ असतील तर चुका कुठे आहेत ते बघा. त्या एकाच विषयात साठलेल्या असतील तर तेवढा विषय दोन-तीन आठवडे वेगळा शिकवून पुढे जा, सगळीकडे विखुरलेल्या असतील तर हेच पुस्तक घ्या. त्याहून कमी आले तर आणखी एक पायरी खाली तपासा. हे आकडे ढोबळ आहेत. एक-दोन गुणांसाठी अडून बसू नका, पण शंका असेल तेव्हा खालची पातळी निवडा. सोपी पानं भराभर उलटता येतात. अवघड पानांवर आठवडे जातात आणि सोबत मुलाचा उत्साहही जातो.

एक विषय पूर्ण करून पुढे जाणारी पुस्तकं चांगली, की थोडं थोडं करत पुन्हा फिरून येणारी?

पहिल्या प्रकारात गुणाकार म्हणजे सहा-सात आठवडे गुणाकारच. खोली मिळते, मुलाला एका गोष्टीवर पकड आल्याचं समाधान मिळतं. मात्र मार्चमध्ये भागाकार करणारं मूल सप्टेंबरमधलं मापन विसरलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात रोज एक छोटी नवी गोष्ट आणि मागच्या अनेक विषयांतली २०-२५ मिश्र गणितं असतात. जॉन सॅक्सन यांनी तयार केलेली पुस्तकं याच बांधणीसाठी ओळखली जातात. विसरणं कमी होतं, पण काही मुलांना ‘काही समजायला लागलं की विषय बदलतो’ असं होतं, आणि पानं एकसुरी वाटतात.

मिश्र सरावाच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं होतं. एका गटाने एकाच प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, दुसऱ्याची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि दुसरा ६३ वर. कारण सरळ आहे. सलग सरावात कोणती रीत वापरायची हे पानाच्या मथळ्यावरूनच कळतं, त्यामुळे रीत निवडण्याचा सराव होतच नाही.

म्हणून आमचं मत असं: नवी कल्पना शिकवताना सलग वेळ देणारं पुस्तक घ्या आणि उजळणी मिसळून करा. पुस्तकात मिश्र उजळणी नसेल तर ती जोडणं सोपं आहे. रोज धड्याआधी ५ गणितं: एक कालचं, एक गेल्या आठवड्यातलं, एक गेल्या महिन्यातलं, एक शाब्दिक, आणि एक मूल हमखास चुकतं त्या प्रकारचं. याला आठ मिनिटं लागतात. उलट, पुस्तकात समजावणंच उथळ असेल तर ती कमतरता घरी भरून काढणं फार जड जातं.

पुस्तक विकत घेण्याआधी त्याची परीक्षा कशी घ्यायची?

मुखपृष्ठ, रंग आणि पहिला धडा सोडून द्या. पहिला धडा सगळ्यांचाच छान असतो. नमुन्याची पानं मागवा किंवा कुणाकडून पुस्तक दोन दिवसांसाठी आणा, आणि थेट पुढची ठिकाणं उघडा.

*हातच्याची वजाबाकी, विशेषतः मध्ये शून्य असलेली.* ५०३ − २६७ हे गणित कसं शिकवलंय ते बघा. ‘तीनातून सात जात नाहीत, शेजाऱ्याकडून उसना घ्या, शून्याचे नऊ करा’ एवढंच लिहिलं असेल तर ते पाठांतर आहे. चांगलं पुस्तक ५०३ म्हणजे ५ शतक ० दशक ३ एकक, तेच ४ शतक ९ दशक १३ एकक, हे आधी वस्तूंनी, मग चित्राने दाखवतं आणि मग आकड्यांवर येतं. वस्तू, चित्र, चिन्ह हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांच्या मांडणीतून आला आणि सिंगापूरच्या प्राथमिक गणितामुळे जगभर माहीत झाला. नाव कुठलंही असो, हा क्रम पुस्तकात आहे का ते पाहा.

*अपूर्णांकांचा पहिला धडा.* फक्त गोलाचे रंगवलेले तुकडे आहेत का? असतील तर पुस्तक अपुरं आहे. अपूर्णांक संख्यारेषेवर बसवलेला दिसला पाहिजे, नाहीतर मुलाला ५/४ ही संख्या कधीच पटत नाही. मराठी बोलणाऱ्या घरात इथे एक मोठी सोय आहे, ती जरूर वापरा. सव्वातीन म्हणजे तीनाच्या पाव पुढे, पावणेतीन म्हणजे तीनाच्या पाव मागे. संख्यारेषेवरच्या जागाच आपण रोज बोलत असतो. पावणेदोन, दीड, अडीच, साडेचार हे शब्द मुलाला आधीच येत असतात. ते रेषेवर मांडले की अर्धा धडा तिथेच होतो.

*शाब्दिक उदाहरणं.* बेरजेच्या पाठाखालची सगळी उदाहरणं बेरजेचीच असतील तर मूल मजकूर वाचणार नाही, दोन आकडे शोधून मिळवून टाकेल. ‘मीराकडे १४ मणी आहेत. ते तन्वीपेक्षा ५ ने जास्त आहेत. तन्वीकडे किती?’ यासारखी, ‘जास्त’ शब्द असूनही वजाबाकी लागणारी उदाहरणं पुस्तकात आहेत का ते बघा. जिथे राशी आडव्या पट्ट्यांनी काढायला शिकवलं जातं, मीराची पट्टी लांब, तन्वीची ५ ने आखूड, तिथे मुलं शब्दाला फसत नाहीत.

*बरोबरीचं चिन्ह.* पहिल्या दोन पातळ्यांत ७ = ३ + ४ किंवा ६ + २ = ५ + ३ असं काही सापडतं का ते शोधा.

*उत्तरसूची आणि शिक्षक-पुस्तिका.* नुसती उत्तरं आहेत की सोडवण्याची रीतही आहे? दहा-अकरा वर्षांपुढच्या पुस्तकांत रीत असलीच पाहिजे. पुस्तिकेत ‘मुलं इथे चुकतात’ असा भाग असेल तर ती लिहिणाऱ्याने खरोखर मुलांना शिकवलंय असं समजायला हरकत नाही.

शेवटी एक पान मुलाच्या हातात द्या आणि त्याला त्यावरची चार गणितं करू द्या. अक्षरांचा आकार, लिहायला सोडलेली जागा आणि पानावरची गर्दी याबद्दल त्याचा निवाडा तुमच्यापेक्षा अचूक असतो.

कोणतं साहित्य लागतं?

थोडंच. स्थानिक किंमतीसाठी दशमान ठोकळे: २० एकक, २० दशकांच्या कांड्या, १० शतकांच्या पाट्या. दोन संख्यांच्या बेरजेत एकक जास्तीत जास्त १८ होतात, म्हणून २० पुरतात. त्याहीआधी, पहिल्या वर्षी, काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबर लावून केलेल्या जास्त चांगल्या. जुडी सोडून दहा सुट्या काड्या करता येतात, आणि हातच्याचा अर्थ त्या सोडण्यातच आहे. ठोकळ्याची कांडी सोडता येत नाही, ती बदलून घ्यावी लागते, आणि सहा वर्षांच्या मुलाला हा बदल जादूसारखा वाटतो.

बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत कांड्या संख्यांची नाती दाखवायला उत्तम. एक सेंटीमीटरच्या पांढऱ्या घनापासून दहा सेंटीमीटरच्या नारिंगी कांडीपर्यंत दहा लांब्या असतात, आणि त्यांवर खुणा नसतात, त्यामुळे मूल मोजत बसत नाही, तुलना करतं.

अपूर्णांकांसाठी काही विकत आणू नका. २४ सेंटीमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या कापा. २४ ला २, ३, ४, ६, ८ आणि १२ ने भाग जातो, त्यामुळे सगळे भाग पट्टीने मोजून पूर्ण सेंटीमीटरमध्ये पाडता येतात. घडी घालून तृतीयांश करायला गेलात तर भाग सारखे येत नाहीत, आणि मग १/३ आणि २/६ जुळतच नाहीत.

आणि चौकटींची वही. एका चौकटीत एक अंक. उभ्या मांडणीतल्या किती तरी चुका केवळ अंक सरकल्यामुळे होत असतात.

पुस्तक इंग्रजी आहे, आम्ही मराठीतून शिकवतो. अडचण येईल का?

येईल, पण ती ठरलेल्या चार-पाच जागी येते, म्हणून आधीच तयारी करता येते.

पहिली जागा संख्यानामांची. पंचवीसमध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये तर दोनाचा उच्चारच नाही. ऐकू येतो तो तीस, म्हणून ३९ लिहिलं जातं. १९ पासून ८९ पर्यंतच्या ‘एकोण’च्या आठही संख्यांत हाच सापळा आहे, आणि नव्याण्णव मात्र अचानक वेगळ्या वळणाचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला काही महिने दोन्ही नावं सांगा: ‘पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच’. ‘एकोणतीस, म्हणजे तीसला एक कमी, म्हणजे वीस आणि नऊ’. ही चूक मुलाच्या बुद्धीची नाही, भाषेच्या बांधणीची आहे, आणि ती अशा रोजच्या उच्चाराने जाते.

दुसरी, मोठ्या संख्यांचे स्वल्पविराम. आपण १२,३४,५६७ लिहितो, परदेशी पुस्तक १,२३४,५६७ लिहितं. दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी दाखवा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, एवढा पूल पुरतो.

तिसरी, मापं. फूट, इंच, पौंड, गॅलन यांचे धडे असतील तर मेट्रिक मापांचे धडे स्वतंत्रपणे जोडावे लागतात. फक्त शब्द बदलून चालत नाही, कारण १२ इंचांचा फूट करणारी गणितं १०० सेंटीमीटरच्या मीटरला लागू पडत नाहीत. नाण्यांचे धडेही तसेच: नाण्यांच्या किमती वेगळ्या असल्या तर सुट्ट्या पैशांची गणितं नव्याने घालावी लागतात.

चौथी, भागाकाराची मांडणी. ती देशोदेशी वेगळी असते, काही ठिकाणी दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो. मुलाला एकच मांडणी पक्की होऊ द्या, दुसरी नंतर दाखवा.

पारिभाषिक शब्द मात्र दोन्ही भाषांत शिकवा. वहीच्या मागच्या पानावर छेद, गुणक, परिमिती, लसावि अशी जोड-यादी मुलानेच करत जावी.

पाढे पाठ करून घ्यायचे की समजून घेतले की पुरे?

दोन्ही, आणि या क्रमाने: आधी समज, मग पाठ. सातआठे छप्पन्न आठवायला दहा सेकंद लागली तर लांब भागाकारात मूल मधली पायरी विसरतं. तेव्हा पाठ लागतातच. पण ओझं दिसतं तितकं मोठं नसतं. १ ते १० पर्यंतचे १०० गुणाकार आहेत. ६ × ८ आणि ८ × ६ एकच, हे कळलं की ५५ उरतात. १, २, ५ आणि १० चे बाजूला काढले की २१. त्यातले ९ चे ‘दहापट वजा एकपट’ करून काढता येतात. मग खरोखर घोकायचे १५ राहतात. रोज दोन नवे, कालचे उलटसुलट विचारून, पाच मिनिटं. क्रमाने म्हटलेला पाढा छान वाटतो, पण मधलाच एक विचारल्यावर मूल ‘सात एके सात’पासून सुरू करत असेल तर तो अजून आलेला नाही. म्हणून निवडताना पुस्तकात सुट्या गुणाकारांचा सराव आहे का हे बघा.

नुसत्या ॲपवर किंवा व्हिडिओंवर गणित शिकता येईल का?

सराव होईल. शिकवणं अपुरं पडेल. ॲप उत्तर चूक आहे हे सांगतं, ४२ − १७ = ३५ का आलं हे फार क्वचित सांगतं. पर्याय दिलेले असतील तर मूल आडाखे बांधायला शिकतं. आणि पायऱ्या कागदावर लिहायची सवय राहूनच जाते, जी तेराव्या वर्षी समीकरणं आल्यावर लागते. खान अकॅडमी मोफत आहे आणि सरावासाठी चांगली आहे. ती दहा-पंधरा मिनिटांच्या उजळणीला ठेवा. व्हिडिओ बघितला तर तो बंद करून लगेच तशीच तीन गणितं न बघता वहीत सोडवायची, हा नियम ठेवा. बघताना समजलं आणि करताना जमलं, यांत बरंच अंतर असतं.

माझंच गणित कच्चं आहे. मी शिकवू शकेन का?

प्राथमिक पातळी नक्की शिकवाल, मात्र अभ्यासक्रम त्या हिशोबाने निवडा. काही शिक्षक-पुस्तिकांत काय बोलायचं, मुलाला काय विचारायचं, त्याने अमुक उत्तर दिलं तर पुढे काय, हे सगळं लिहून दिलेलं असतं. अशी पुस्तिका घ्या. धडा आदल्या संध्याकाळी स्वतः हाताने सोडवा, फक्त वाचू नका. अडलात तर मुलासमोर ‘मला हे येत नाही’ म्हणून सोडून देऊ नका, ‘आपण शोधूया’ म्हणा आणि खरंच शोधा. गणिताची भीती मुलं घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून फार लवकर उचलतात. बीजगणितापासून पुढे तुम्हाला अवघड जाणार असेल तर मुलाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासूनच कोण शिकवणार याचा शोध सुरू करा.

रोज किती वेळ? वर्षात पुस्तक संपलंच पाहिजे का?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला १५ ते २० मिनिटं, आठव्या वर्षापर्यंत अर्धा तास, नऊ ते अकराला ४० ते ४५ मिनिटं, त्यापुढे तास. पाच-सहा वर्षांचं मूल त्याहून जास्त बसलं तरी शिकत नाही.

पुस्तक घेण्याआधी एक साधा हिशेब मांडा. ३६ आठवडे, आठवड्याला ४ दिवस, म्हणजे १४४ दिवस. पुस्तकात १४० धडे असतील तर आजारपण, पाहुणे, प्रवास यांसाठी चारच दिवस शिल्लक. हे जमणार नाही. तेव्हा एकतर आठवड्याला ५ दिवस धरा (१८० होतात), नाहीतर कुठले धडे एकत्र करता येतील हे सुरुवातीलाच पेन्सिलीने खूण करून ठेवा. घड्याळ, दिनदर्शिका आणि आलेख असे धडे सहज जोडता येतात. स्थानिक किंमत आणि अपूर्णांकांचे जोडू नका. पुस्तक पुढच्या वर्षात दोन महिने गेलं तरी चालेल. पानावरच्या ३० पैकी एकाआड एक गणित दिलं तरीही चालेल, उरलेली उजळणीला कामी येतात.

मूल गणित म्हटलं की रडतं. अभ्यासक्रम बदलावा का?

कदाचित. पण त्याआधी एक आठवडा या क्रमाने तपासा. पातळी वरची आहे का? एक पायरी खालची गणितं देऊन बघा. शाब्दिक उदाहरणांवरच अडतं का? तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून लगेच सोडवलं तर अडचण वाचनाची आहे, गणिताची नाही. गणितं फार आहेत का? निम्मी करा. वेळ चुकीची आहे का? दुपारच्या जेवणानंतरचा धडा सकाळी घ्या. या चारांपैकी एकानेही फरक पडला नाही आणि निदान सहा आठवडे झाले असतील, तर पुस्तक बदला, आणि मनात अपराधी वाटू देऊ नका.

बदलताना मात्र नवी पातळी-चाचणी घ्या. जुन्या पुस्तकाची चौथी संपली म्हणून नव्याची पाचवी घेतली की मध्ये एखादा विषय गळतो, बहुधा अपूर्णांक किंवा भागाकार, आणि ते वर्षभराने कळतं. दर वर्षी बदलत राहिलात तर गळती साठत जाते.

मूल पुढे आहे. पुढच्या पातळीवर नेऊ का?

आधी खोल न्या. प्रत्येक प्रकरणाची शेवटची चाचणी प्रकरण सुरू करण्याआधीच द्या. १० पैकी ९ आली तर नेहमीचा सराव गाळा आणि त्याच विषयातली अवघड कोडी द्या: एकच उत्तर नसलेली, ‘असं का होतं सिद्ध कर’ म्हणणारी. बीस्ट अकॅडमीसारखे अभ्यासक्रम याच हेतूने बांधलेले आहेत. भराभर वर चढलेली मुलं बीजगणितात पोचतात तेव्हा अनेकदा कधीच अडलेली नसतात. त्यामुळे अडल्यावर काय करायचं हे त्यांना माहीत नसतं.

दोन-तीन मुलांना एकाच पुस्तकातून शिकवता येईल?

क्रिया आणि अपूर्णांक वेगळे, प्रत्येकाचे आपापल्या पातळीवर. भूमिती, मापन, आलेख आणि कोडी एकत्र. एकाला १५ मिनिटं शिकवताना दुसऱ्याने कालचा सराव करायचा, मग अदलाबदल. सगळ्यांनाच रोज शेजारी बसावं लागेल अशी पुस्तकं तिघांसाठी घेऊ नका.

डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे संख्या समजण्यातच मूळ अडचण असण्याची, शंका कधी घ्यावी?

नीट शिकवूनही आठव्या वर्षानंतर मूल तीन-चार ठिपके एका नजरेत ओळखत नसेल, ५ + १ साठीही दर वेळी पहिल्यापासून मोजत असेल, ७ मोठे की ९ हे पटकन सांगता येत नसेल, काल पक्कं वाटलेलं आज पूर्ण पुसलं जात असेल, तर मानसशास्त्रज्ञाकडून तपासणी करून घ्या. तपासणीची वाट बघताना वस्तूंवर आधारलेला, पानावर कमी गणितं असलेला, सावकाश चालणारा अभ्यासक्रम वापरा. वेळ लावून घेण्याच्या चाचण्या पूर्ण थांबवा.

बीजगणित कधी सुरू करावं?

वयावर नाही, तयारीवर. अपूर्णांकांच्या चारही क्रिया, ऋण संख्या, गुणोत्तर आणि शेकडेवारी पक्की असावी. एक छोटी कसोटी: ३/४ ÷ १/८ चं उत्तर काढायला सांगा आणि मग त्याचा अर्थ विचारा. ‘पाऊणात अर्धपाव सहा वेळा बसतो’ असं काहीसं मूल आपल्या शब्दांत म्हणालं तर ते तयार आहे. ‘उलटं करून गुणलं’ एवढंच म्हणालं तर आणखी काही महिने अपूर्णांकांना द्या. बीजगणितातल्या अडचणींचं मूळ पुष्कळदा अपूर्णांकांतच सापडतं.

पुढे शाळेत जायचं किंवा परीक्षेला बसायचं असेल तर?

परीक्षेच्या दोन वर्षं आधी तिचा अभ्यासक्रम मिळवा आणि तीन रकाने करा: झालेले विषय, वेगळ्या पद्धतीने झालेले, न झालेले. मधला रकाना सगळ्यांत जास्त फसवतो. मुलाला येत असतं, पण सिद्धता लिहायची पद्धत, कंपासने रचना करायच्या पायऱ्या किंवा वापरायची चिन्हं वेगळी असतात, आणि गुण पायऱ्यांना मिळतात. शेवटचं वर्ष त्याच पाठ्यपुस्तकातून करा.

जुनी पुस्तकं घेतली तर चालतील का?

गणित जुनं होत नाही, तेव्हा चालतील. फक्त पाठ्यपुस्तक, स्वाध्याय-पुस्तिका आणि उत्तरसूची एकाच आवृत्तीची आहेत हे पाहून घ्या. आवृत्ती वेगळी असली की पानं आणि गणितांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि बरोबर उत्तरावर चुकीची खूण केली जाते. तीन ठिकाणची गणितं, एक सुरुवातीचं, एक मधलं, एक शेवटचं, उत्तरसूचीशी ताडून मगच घ्या. स्वाध्याय-पुस्तिका वापरलेली असेल तर पेन्सिलीने लिहिलेली पानं खोडून घेता येतात, पेनाने लिहिलेली घेऊ नका.